खंडेनवमीला बांधलेली पट्टी

दाजी,

तुमच्या तेराव्याला अंगणात सतरंज्या टाकून माणसं बसली होती आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. कुणी म्हणालं, दाजींनी कधी कुणाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही. कुणी म्हणालं, बाळंतिणीसाठी गाडी मागितली तर हातातला घास खाली ठेवून उठणारा माणूस. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुमचा मेहुणा, आणि तुम्ही चालवलेली प्रत्येक गाडी वीस वर्षं माझ्याच हाताखालून गेलेली. मी उठलो, हात जोडले आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, बाळूचा गळा दाटून आला. पण न बोलण्याचं कारण वेगळं होतं. मला जे सांगायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं ते हार घातलेल्या फोटोतून माझ्याकडे बघत होते.

दोन गोष्टी आहेत. त्यातली लहान आधी सांगून टाकतो. तुमच्या गाडीच्या स्टेअरिंगचा पाइप 'अजून आला नाही' असं मी तुम्हाला चार महिने सांगत राहिलो. तो आठव्या दिवशीच आला होता. औरंगाबादहून एसटीच्या पार्सलनं आला, अंबडच्या स्टँडवर जाऊन मीच सोडवून आणला, आणि गॅरेजातल्या लोखंडी कपाटात खालच्या फळीवर जुन्या गॅसकेटांच्या मागे सारून ठेवला. तुम्ही ज्या बाकड्यावर बसून 'आला का रे?' म्हणून विचारायचात, ते बाकडं त्याच कपाटाला टेकवलेलं होतं.

मोठी गोष्ट आहे ती, त्या दिवशी तुमची गाडी कापसात का उतरली याची. तुम्हाला वाटलं ते कारण नव्हतं. पण ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल, दाजी. एकदम तोंडातून निघत नाही.

एक्याऐंशी साली माझ्या बहिणीचं, अक्काचं, तुमच्याशी लग्न झालं तेव्हा तुम्ही उसाचा ट्रक चालवत होता. पुढे मी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन अंकुशनगरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं, तर तीन महिने एक गाडी दारात येईना. कालचं पोरगं, इंजिन खोलेल आणि नट उरवील, असं लोक तोंडावर बोलायचे. तुम्ही ऐन हंगामात मालकाचा ट्रक आणून माझ्यापुढे उभा केलात आणि म्हणालात, खोल. मी खोलला, आणि जोडायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मालकानं तुम्हाला काय काय ऐकवलं ते मला कितीतरी वर्षांनी अक्कानं सांगितलं. तुम्ही मला फक्त एवढंच म्हणालात की घाई करू नको, बराबर बसव. नट उरला नाही, ट्रक चालला, आणि मग लोक यायला लागले. मी आज जे काही आहे ते त्या तीन दिवसांमुळे आहे, आणि हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती. तुम्ही मला 'मिस्तरीसाहेब' म्हणून चिडवायचं आणि मी तुमच्या गाड्यांना नावं ठेवायची, एवढंच आपलं प्रेम.

मग तुमचा खांदा गेला. उसाच्या फडातून भरलेला ट्रक बाहेर काढताना पुढचं चाक चरीत आदळलं आणि स्टेअरिंगनं उलटा झटका मारला. तेव्हाच्या ट्रकांना सगळा जोर माणसाच्या दंडाचा. खांदा निखळला, हाडवैद्यानं बसवला, आणि तो काही पुरता बसला नाही. उजवा हात छातीच्या वर जाईना. टोपी घालायलासुद्धा डावा हात लागायचा. ट्रक सुटला. दोन वर्षं तुम्ही शेतात बळंच लक्ष घातल्यासारखं केलंत, पण बांधावर बसून तुम्ही रस्त्याकडेच बघत असायचात. अक्का म्हणायची, औत चालू असलं तरी यांचे कान हॉर्नकडं.

म्हणून ती जुनी पांढरी आठ सिटांची गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी एकच अट घातली होती की पॉवर स्टेअरिंगचीच घ्यायची. तुम्ही पहिल्यांदा ती गॅरेजच्या मोकळ्या जागेत गोल फिरवलीत, एका डाव्या हातानं, आणि उतरून बोनेटवर हात ठेवलात. नंतर म्हणालात, "बाळू, ही तर एका बोटानं फिरून राह्यली रे." मला ते बोलणं अजून ऐकू येतं. तुम्ही परत ड्रायव्हर झाला होता.

मी तेव्हा बोनेट उघडून तुम्हाला दोन पाइप दाखवले होते. एक पंपाकडून स्टेअरिंग बॉक्सकडे जाणारा, जाड रबराचा, आतून जाळी विणलेला, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी दाबून बसवलेली. सगळा दाब त्याच्यात. दुसरा तेल परत पंपाच्या तेलाच्या डबीत आणून सोडणारा, साधा, क्लिपवर बसलेला, त्याला काही जोर नाही. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि घरी जाऊन अक्काला सांगितलंत की एक सासरला जाणारा पाइप आहे, त्याच्यावर सगळा दाब, आणि दुसरा माहेरी परत येणारा, तो निवांत. अक्का हसून लाल झाली होती. तेव्हापासून आपल्या घरात त्या पाइपांची तीच नावं पडली.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. तुमच्या गल्लीत गाडी वळवायला जागा कमी. तुम्ही स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवायचात आणि तसंच धरून ठेवायचात, पंप कण्हायला लागला तरी सोडायचा नाहीत. मी सांगून थकलो की दाजी, चाक टोकाला गेलं की तेलाला जायला वाट उरत नाही, सगळा दाब त्या एका पाइपावर चढतो, दोन-चार सेकंदांच्या वर धरू नका, जरासं मागे सोडा. तुमचं उत्तर ठरलेलं. "मी बी कण्हतो उठता-बसता. माहे पाइप कोण बदलून राह्यलं?" मी चिडायचो, तुम्ही बिडी काढायचात.

पण बाकी सांगितलेलं तुम्ही इमानानं केलंत हेही कबूल करतो. दर आठवड्याला डबीतलं तेल बघायचात. ते काळं पडलंय का, जळका वास येतोय का हे बोटावर घेऊन बघायचात. पाइप सायलेन्सरला कुठं घासतो का ते वाकून बघायचात. रबर बाहेरून चांगलं दिसलं तरी आतून सुटत जातं, म्हणून दाबून बघायचं, मऊ पडलं किंवा फुगलं की समजायचं याचं संपलं. आणि इंजिन चालू असताना गळती उघड्या बोटानं चाचपायची नाही, केसाएवढी धारसुद्धा कातडीत शिरते, पुठ्ठा धरून बघायचं. हे सगळं तुम्ही पाठ केलं होतंत आणि स्टँडवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांना माझ्या नावानं सांगायचात. आमचा बाळू असं म्हणतो, आमचा बाळू तसं म्हणतो. त्यांच्यापैकी दोघं-तिघं मला तेराव्यालाही भेटले.

आता मोठी गोष्ट.

खंडेनवमी होती. तुम्ही दसऱ्यासाठी गाडी धुऊन, बोनेटखालचं सगळं डिझेलनं पुसून चकचकीत करून माझ्याकडे आला होता. पुसताना तुम्हाला दिसलं होतं की सासरच्या पाइपाला, जिथं रबर टोपीत शिरतं तिथं, ओल येते. पुसलं की परत येते. तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलं होतंत, दाजी. तिथंच तो जातो. पण माझे सगळे पाने त्या दिवशी पाटावर होते. सकाळीच धुऊन, पुसून, मांडून हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचा हार घातलेला. आईची शिस्त होती की एकदा हत्यारं पुजली की दसऱ्याची पूजा होईस्तोवर त्यांना हात लावायचा नाही, त्यांनाही एक दिवस विसावा पाहिजे. आई गेली तरी मी ते मोडलं नव्हतं. पाना उचलल्याशिवाय तो पाइप सुटत नाही. म्हणजे त्या दिवशी काम होणार नव्हतं.

मी काय करायला हवं होतं ते आज मला लख्ख दिसतं. गाडी तिथंच ठेवून घ्यायची आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या गाडीवर घरी पाठवायचं. पण सणाचा दिवस, तुम्हाला दसऱ्याला गाडी दारात पाहिजे, हार घालायचा, अक्कानं नारळ आणून ठेवलेला. खिळ्याला सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या लटकत होत्या. रेडिएटरचा पाण्याचा पाइप झिरपला की आपल्याकडे सगळेच तशी पट्टी आवळून बांधतात आणि महिनोन्‌महिने चालवतात. पाण्याला ते पुरतं, कारण त्याला दाब नसतो. मी एक पट्टी काढली आणि त्या ओल्या जागेवर ताणून ताणून गुंडाळली. ज्या पाइपात ट्रॅक्टरचा नांगर उचलणाऱ्या जातीचा दाब, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. हे करताना मला ठाऊक होतं की याचा उपयोग नाही, पण तुम्हाला मी ते सांगितलं नाही. ओल दिसायची बंद झाली, एवढंच. दसरा झाला की या, दोन्ही पाइप बदलून टाकू, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तू बांधलंय म्हंजे झालं."

दसरा झाला. उसाचा हंगाम लागला, माझ्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागली. दिवाळीनंतर एकदा तुम्ही आला होता. डबीत तेल कमी झालं होतं, तुम्ही स्वतःच भरलंत आणि मला हाक मारून विचारलंत की पाइप आज बदलायचा का. मी एका ट्रॅक्टरखाली पाठीवर पडलो होतो. मी बाहेर आलो नाही. आतूनच म्हणालो, चालतंय अजून. तुम्ही गेलात. तेल कमी झालं होतं, दाजी. तेल कमी होतं म्हणजे ते कुठूनतरी जातं, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं, आणि मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो नाही.

मार्गशीर्षात तुम्ही अंतरवाली सराटीच्या एका घरची माणसं घेऊन पिंपळगाव रेणुकाईला निघाला होता. त्यांचा देवीचा नवस होता. गावाच्या अलीकडच्या वळणावर पाइप फुटला. तेल सायलेन्सरवर उडून पांढरा धूर निघाला आणि ऐन वळणात स्टेअरिंग दगडासारखं झालं. तुम्ही ते ओढलंत. डावा हात पुरला नाही, उजवा वर गेला नाही. गाडी रस्ता सोडून उतारावरून कापसाच्या शेतात गेली आणि एका अंगावर कलली. देवीची कृपा म्हणा, सगळे वाचले. तुमच्या कपाळाला टाके पडले आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीचं मनगट मोडलं.

गाडी ओढून माझ्याकडे आणली तेव्हा तुम्ही घरी होता. मी एकटाच होतो. बोनेट उघडलं, तर पाइप बरोबर टोपीच्या तोंडाशी फाटला होता आणि माझी पट्टी चिखल झालेल्या तेलात अर्धी सुटून लोंबत होती. मी ती ओढून काढली आणि रद्दी जाळतो त्या डब्यात टाकली. आधी पट्टी जाळली, मग तुमच्याकडे आलो. हा क्रम मला विसरता येत नाही.

अंगणात लोक जमले होते आणि तुम्ही त्यांना सांगत होता की पाइपानं दगा दिला. मी मान हलवली. पण लोक गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "दुसरा कोणी असता तं त्यानं वढलं असतं का रे स्टेअरिंग?" मी खरं काय ते सांगायला हवं होतं. दोन धड हातांच्या माणसानं कदाचित ओढलं असतं, कदाचित नसतं. वळणात, धुरात, कुणाला सांगता येतं? मी म्हणालो, तुम्ही आता आराम करा. तुम्ही तुमच्या उजव्या हाताकडे बघितलंत.

तिसऱ्या दिवशी अक्का गॅरेजवर आली. ती कधी येत नसे. कपाटापाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "बाळू, गाडी जल्दी करू नको. त्यांचा हात मी रोज पाहून राह्यले. बटन लावता येत न्हाई त्यांना. पुन्हा माणसं घेऊन गेले आन्‌ काही झालं मंग?" मी म्हणालो, काय सांगू त्यांना? ती म्हणाली, पाइप मिळत नाही म्हण. खरं सांगू, दाजी? माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. जोवर सगळ्यांचं बोलणं तुमच्या हाताभोवती फिरत होतं, तोवर पाइपाबद्दल कुणी विचारणार नव्हतं. अक्काला तुमची काळजी होती. मी तिच्या काळजीमागे लपलो.

त्यानंतरचे चार महिने तुम्हाला माहीत आहेत. तुम्ही एक दिवसाआड यायचात आणि त्या बाकड्यावर बसायचात. आला का? नाही, कंपनीतून निघालाय. आला का? नाही, चुकीचा आला, परत पाठवला. मी खोटं बोलण्यात चांगलाच सरावलो. अंतरवालीच्या आजीला भेटायला मात्र तुम्ही दर आठवड्याला एसटीनं जायचात. तिचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तुम्ही मला येऊन सांगितलंत की म्हातारी भाकरी थापायला लागली. तुमच्या तोंडावर किती दिवसांनी जरा रंग आला होता.

आणि मग तुम्ही तो पाइप घेऊन आलात. फाटलेला जुना पाइप माझ्याकडून मागून नेला होतात, नमुना ठेवतो म्हणून. तो पिशवीत घालून तुम्ही जालन्याला गेलात, ट्रॅक्टरचे पाइप दाबून देणाऱ्या दुकानात बसलात, आणि त्याच मापाचा नवा बनवून घेतलात. जाड, चकचकीत, दोन पदरी तारेचा. माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "ह्यो नांगर उचलतो. स्टेअरिंग काय चीज आहे." तुम्ही खूश होता. पोर वही दाखवतं तसे उभे होता.

मी तो हातात घेतला आणि तुम्हाला समजावून सांगितलं. हे रबर ट्रॅक्टरच्या तेलासाठी आहे, बोनेटखालच्या तापात ते कडक होऊन आतून चिरतं. गाडीचा पाइप जरासा फुगतो आणि आकसतो, पंपाचे हिसके पोटात घेतो, हा ताठ आहे, हा सगळे हिसके स्टेअरिंग बॉक्सवर ढकलील. याच्या टोकाचा बाकही चुकलाय, बसवला तर सायलेन्सरला टेकेल. सगळं खरं होतं, दाजी. मी त्यात एक शब्द खोटा सांगितला नाही. हे सगळं सांगत असताना खरा पाइप तुमच्या पाठीमागे, कपाटात होता.

तुम्ही वाद घालाल असं मला वाटलं होतं. आयुष्यभर घातलात. बिडी काढाल, माझी टर उडवाल, बळंच बसव म्हणाल. मला मनातून तेच हवं होतं, म्हणजे मी चिडलो असतो आणि चिडण्यात खरं काय ते बाहेर पडलं असतं. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला जास्त कळतं बाबा त्यातलं. तू म्हणशील तवा." आणि तो ट्रॅक्टरचा पाइप बाकड्यावर ठेवून निघून गेलात. त्यानंतर तुम्ही आठवड्यातून एकदा यायला लागलात, मग तेही बंद झालं. चैत्रात एका दुपारी जेवून बाजेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मी काही वेगळं म्हणत नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी अक्का म्हणाली, गाडी आता चालू करून दे, घेणारं कुणी बघू. मी कपाटातून पाइप काढला. पुढची चाकं जॅकवर उचलली, पाइपाच्या दोन्ही जागी कोंबून ठेवलेल्या चिंध्या काढल्या, पंपाच्या तोंडाची घाण पुसली. नवीन वॉशर घातले, कारण जुने परत वापरले की तिथून ओल धरते. पाइपाला पीळ पडू न देता तो त्याच्या मूळ क्लिपमधून घेतला, सायलेन्सरपासून चार बोटं लांब. डबी भरली, इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला सावकाश फिरवलं, परत तेल भरलं, मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवलं. तेलावरचा फेस निघून जाईस्तोवर. पुठ्ठा धरून बघितलं, कुठं ओल नव्हती. दीड तास लागला, दाजी. चार महिन्यांचं काम दीड तासाचं होतं.

अक्का तोवर येऊन बाकड्यावर बसली होती. मी हात पुसले आणि तिला सगळं सांगितलं. पाने पाटावर होते तिथपासून पट्टी जाळली तिथपर्यंत. ती मला शिव्या देईल, उठून जाईल, असं वाटलं होतं. ती नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला माहीतय का, ते रोज संध्याकाळी मागच्या दारी वरवंटा घेऊन बसायचे. उजव्या हातात धरून वर-खाली, वर-खाली. म्हणायचे, पाइप येईस्तोवर हात तयार करून राह्यलो."

मला हे माहीत नव्हतं.

"छातीच्या वर जायचा न्हाई तो. मंग हाताला शिव्या द्यायचे. म्हणायचे, ह्या हातानं लोकं पाडले. मी तेल लावायला घेतला तं वढून घ्यायचे, म्हणायचे, ह्याला कशाला लावते, ह्यो हात त्या लायकीचा न्हाई."

अक्कानं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग विचारलं, "मंग हातानं न्हाई पाडले?"

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, "मी बी हाताचंच धरून बसले, बाळू. आपण दोघांनी मिळून त्यांना तसंच जाऊ दिलं." आणि उठून गाडीत मागच्या सिटावर जाऊन बसली, घरी सोड म्हणाली. मी तिला सोडलं. गाडी खरंच एका बोटानं फिरते. तुमच्या गल्लीत वळवताना मी चाक टोकाला नेलं आणि लगेच मागे सोडलं, आणि मला इतकं रडू आलं की गाडी तिथंच थांबवावी लागली.

तुम्ही आठ सिटांतल्या सगळ्यांचा भार स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेलात. जो खांदा आधीच मोडलेला होता त्याच्यावर. लोकांसमोर पाइपाला बोल लावलात, पण घरात मागच्या दारी बसून शिक्षा हाताला देत राहिलात. मी एक वाक्य बोललो असतो तर ती थांबली असती, आणि ते बोलायला मला चार महिने रोज सवड होती. तुम्ही रागावला असता, चार दिवस बोलला नसतात, आणि पाचव्या दिवशी येऊन बाकड्यावर बसून मला मिस्तरीसाहेब म्हणाला असता. मला तुमचा राग चालला असता, दाजी. आता तर तोही मिळायचा नाही.

हे वाक्य तुम्हाला ऐकू जात नाही हे मला कळतं. तरी ते कुणीतरी बोललेलं असावं म्हणून लिहितो आहे. हात दुबळा होता, पण त्यानं कुणाला पाडलं नाही. पाडलं ते मी.